गोड पाण्याची डिग्री

मोघाभुवा या मांत्रिकाच्या मांडवात त्या एकादशीला खाऱ्या रणातली झाडून सगळी माणसं लोटली होती. आठ महिने आपापल्या पाट्यावर, म्हणजे मिठागरात, एकेकट्या राबणाऱ्या अगरियांना माणसांची तोंडं दिसत ती इथेच. चमत्कार नसता, तरी गर्दी झालीच असती.

पण चमत्कार होता. भुवा साध्या पाण्याच्या मडक्यात बटाटा टाकी, तो तळाला जाई. मग मेलेल्याचं नाव घेऊन तोच बटाटा शेजारच्या मडक्यात टाकला की तरंगे. तरंगला म्हणजे मेलेला माणूस 'हो' म्हणाला.

"तुम्ही मिठाची माणसं, मीठच म्हणाल. घ्या, चाखा," असं भुवा स्वतःच सांगे. पाणी प्रसादासारखं गोड लागे आणि सगळे हात जोडत. पाण्यात जन्मभर मीठच शोधलेलं, गोडाचा संशय कोण घेणार?

झमकुबेनही दोन वर्षं हात जोडत होती. नवरा वेरशी क्षयाने गेला, आजारी मुलगी लीलू गावात मावशीकडे. पाट्यावर सोबतीला पंपाची धडधड तेवढी. एकादशीला ती वेरशीला काहीबाही विचारी, बटाटा वर आला की दोन दिवस तिला घास गोड लागे.

आज भुवानेच वेरशीला विचारलं, लीलूच्या क्षयाच्या गोळ्या बंद करायच्या का? बटाटा तरंगला.

झमकु उठली. गोळ्या मध्येच सोडल्या म्हणूनच वेरशी गेला होता, आणि पोरीला असं करू देऊ नकोस, हेच त्याचं शेवटचं बोलणं होतं.

तिने खाऱ्या पाण्याची डिग्री, म्हणजे दाटपणा, मोजायची काचनळी पिशवीतून काढली आणि मडक्यात सोडली.

"बेन, आत्म्याला काच टोचते," भुवा म्हणाला.

"साध्या पाण्यात ही शून्य दाखवते. इथे अकरा. मीठ नाही, मग अकरा कशाचे?"

मांडवाबाहेरच्या चहावाल्याच्या तराजूवर तिने चारशे ग्रॅम पाणी तोललं, त्यात शंभर ग्रॅम साखर विरघळवली. "सगळं मिळून पाचशे, त्यात साखर शंभर. शेकडा वीस," ती म्हणाली. नळी अकरावरच थांबली. भुवाचाच बटाटा तिने त्यात टाकला. कुणाचं नाव न घेताही तो तरंगला.

आत्मा कोपेल म्हणत भुवाने मडकी आवरली. मंत्र मात्र विसरला.

"पाण्यात काय किती विरघळलंय ते मोजता येतं," झमकु लोकांना म्हणाली. "मोजून बघा, मग माना. आणि औषधाचं डॉक्टरला विचारा, बटाट्याला नको."

लोक पांगले. पाट्यावर परतताना तिला रडू फुटलं. खोटा का होईना, वेरशी तिथे होता. आता तोही गेला.

झोपडीपाशी येऊन तिने लीलूला फोन लावला. गोळी घेतलीस का, विचारलं.

"घेऊ की नको? बापा काय म्हणाले?"

"बापा मेलेत, लीलू. मी सांगतेय, घे."