बू जासिमांचे खरे वजन

घाव आपल्या अंगावर घेऊन तो दुसऱ्यापर्यंत पोहोचू न देणे, हे व्रत या जगात फार थोड्यांनी स्वीकारले आहे. माणसांत आईने आणि यंत्रांत शॉक ॲब्सॉर्बरने. पुण्याच्या जयप्रकाश केतकरांनी आपल्या कर्तृत्वाची सारी वर्षे यांपैकी दुसऱ्याच्या सेवेत वेचली होती. बहारीनमध्ये सखीरच्या शर्यतीच्या मैदानाजवळ त्यांची कार्यशाळा होती. शर्यतीच्या मोटारींचे शॉक तेथे उघडले जात, त्यांतले तेल बदलले जाई, आणि स्प्रिंग किती कडक असावी याचा निवाडा केतकर देत. तो निवाडा अखेरचा समजला जाई. आपण निवडलेल्या शॉकने आजवर कुणाच्या हाडाला धक्का लावलेला नाही, हे ते अभिमानाने नव्हे, तर देवघरात बोलावे तशा सुरात सांगत.

अशा माणसाकडे एके दिवशी बर्फावरच्या गाडीचा प्रश्न आला.

रिफा येथील बू जासिम हे केतकरांचे जुने आश्रयदाते. साठी उलटलेली, देह भव्य, चाल संथ, शब्द मोजके. दर हिवाळ्यात ते जॉर्जिया देशाच्या पहाडांत जात आणि स्नोमोबाइल नावाच्या वाहनावर बसून हिमाच्छादित उतार चढत. या वाहनाला पुढे घसरणाऱ्या दोन पट्ट्या असतात, मागे चाकांऐवजी रुंद रबरी पट्टा असतो, आणि ते फक्त बर्फावरच शोभते. यंदा दुरुस्तीसाठी त्यांनी ते रिफ्याला आणवले होते. बाहेर वाळू तापत असताना बंगल्याच्या गॅरेजात ते वाहन वातानुकूलित हवेत, अंगावर रजई पांघरून उभे होते.

गेल्या हिवाळ्यात एका उंचवट्यावरून गाडी उडाली. खाली येताच मागचे शॉक पार तळाला टेकले आणि तो आघात सरळ बू जासिमांच्या कमरेत गेला. पुढे कित्येक आठवडे ते पट्टा बांधून बसले. डॉक्टरांनी सांगितले की असा आणखी एक धक्का बसला तर बर्फ फक्त सरबतात पाहावा लागेल. त्यांची कन्या हुदा हिने घरात जाहीर केले, "केतकर जे शॉक निवडतील ते बसवायचे. नाहीतर जॉर्जिया नाही." बू जासिमांनी ते मानले. त्या वयात त्यांना दुसरी कसली हौस उरली नव्हती, आणि हुदाला हे ठाऊक होते.

केतकरांनी बर्फ आयुष्यात पाहिला नव्हता. तरी त्यांनी अभ्यासाला प्रारंभ केला. त्यांच्यापुढे दोन कुळे होती. एका कुळातील शॉकमध्ये स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा असते. ते वजनाला हलके, हातपंपाने कमी-जास्त करता येणारे. पण थंडी वाढली की त्यांतला दाब घसरतो, आणि दुपारी निवडलेला कडकपणा संध्याकाळी उरत नाही. दुसऱ्या कुळात पोलादी स्प्रिंग. ती जड खरी, पण आपल्या शब्दाला जागणारी. पहिल्या खड्ड्यात जशी वागेल तशीच शेवटच्या खड्ड्यात. केतकरांनी ठरवले की पुढच्या पट्ट्यांना हवेचे शॉक द्यावेत, म्हणजे गाडी उतारावर हलकी वळेल. आणि मागे, जेथे स्वाराची कंबर आहे, तेथे पोलाद असावे, बाजूला तेलाची वेगळी डबी असलेले, म्हणजे तेल तापून पातळ होणार नाही.

निवड निर्दोष होती. अडचण एवढीच की पोलादी स्प्रिंग स्वाराच्या वजनावर बेतावी लागते. हलकी पडली तर शॉक पुन्हा तळाला टेकणार, कडक पडली तर प्रत्येक ढेकूळ मणक्यात मोजता येणार. डोंगरात ती बदलताही येत नाही. कॅनडातील कारखानदाराने विचारले, स्वाराचे वजन किती. केतकरांनी बू जासिमांना विचारले. बू जासिम खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पंच्याऐंशी."

हे ऐकून ज्या खुर्चीवर ते बसले होते ती करकरली.

कार्यशाळेत परतल्यावर केतकरांनी आपले सहकारी सदानंद परब यांच्यापाशी मन मोकळे केले. सदानंद मूळचे देवगडचे. हातात पाना आणि जिभेवर मालवणी.

"साहेबानू, पंच्याऐंशी ह्या त्यांच्या लग्नातला वजन आसतला," सदानंद म्हणाले. "परत इचारा मां."

"वडीलधाऱ्या यजमानाला दुसऱ्यांदा वजन विचारायचे? म्हणजे पहिल्यांदा तुम्ही खोटे बोललात असे तोंडावर सांगणे झाले."

"मग आपले काटे आसत ना. गाडयेत बसवा आणि तोला."

शर्यतीच्या मोटारीचा भार चारही चाकांवर सारखा आहे का, हे पाहण्यासाठी कार्यशाळेत चार सपाट काटे होते. युक्ती केतकरांच्या सरळ स्वभावाला रुचली नाही, पण कमरेचा विचार करून त्यांनी ती पत्करली. भार कसा तोलतात ते पाहायला या, असे त्यांनी बू जासिमांना निमंत्रण दिले. बू जासिम आले, त्यांनी कौतुकाने सारे पाहिले, आणि काट्यांवर उभ्या असलेल्या जुन्या जीपमध्ये बसण्याची विनंतीही मान्य केली. मात्र इतरांना उभे ठेवून आपण एकटे बसणे हे त्यांच्या कुळात कधी घडले नव्हते. "यल्ला, मोहंदिस," ते म्हणाले. यल्ला म्हणजे चला, मोहंदिस म्हणजे इंजिनियर. त्यांनी केतकरांना शेजारी बसवले, सदानंदांना मागे बसवले, आणि दार ओढून घेतले.

"हरकत नाही," ते गेल्यावर केतकर म्हणाले. "रिकाम्या जीपबरोबर आपली दोघांची वजनेही वजा करू. माझे बहात्तर."

"माझा अडसष्ट."

वजाबाकी झाली. बू जासिमांच्या वाट्याला एकशे एकतीस किलो आले. 

"एवढे नसावेत," केतकर हळूच म्हणाले. "सदानंद, तुमचे अडसष्ट कधीचे?"

"मेडिकलच्या वेळचा. पयल्या व्हिसाच्या. तुमचा बहात्तर?"

केतकरांनी चष्मा पुसला. काटे समोरच होते, जीपही बाजूला घेता आली असती, पण दोघांपैकी कुणीच त्यावर पाऊल ठेवले नाही. "जेवूक जाऊया," सदानंद म्हणाले, आणि तो प्रयोग तेथेच विसर्जित झाला.

कारखानदाराने मुदत कळवली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत वजन न मिळाल्यास स्प्रिंग पुढच्या हंगामात. त्याच मंगळवारी दुपारी बू जासिमांचा निरोप आला की मजलिसमध्ये या, हुदा तेथूनच मेल पाठवील.

आणि तो मंगळवार अंगारकी चतुर्थीचा होता. केतकरांच्या घराण्यात अंगारकीचा उपवास फार कडक. चंद्रदर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. निघताना त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी बजावले, "तिथे कॉफी पुढे करतील. नाही म्हणू नका, वाईट दिसते. घ्या आणि ठेवून द्या."

"मला का हे कळत नाही?" केतकर म्हणाले. पुण्यात त्यांनी अशा किती बश्या न दुखावता परतवल्या होत्या.

मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. तीन भिंतींना लागून गाद्या, मध्ये गालिचा. बू जासिमांचे दोन चुलतभाऊ आले होते, आणि कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन हुदा बसली होती. वेलची आणि केशराचा गंध असलेली कॉफी आली. केतकरांनी उजव्या हाताने छोटी वाटी घेतली, मान लवून आदर व्यक्त केला, आणि सुनीताबाईंच्या आज्ञेप्रमाणे ती हळुवारपणे समोर ठेवून दिली.

 एका चुलतभावाची वाटी ओठांपर्यंत जाऊन थांबली. बू जासिमांनी आपली खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि गंभीरपणे म्हणाले, "मोहंदिस, बोल. दिले."

"काय दिले?" केतकरांनी विचारले. त्या दोघांचे बोलणे हिंदीत चाले, अधूनमधून अरबीचा हात धरून.

हुदाने इंग्रजीत उलगडा केला. "अंकल, पाहुण्याने कॉफी न चाखता खाली ठेवली तर त्याचे काही मागणे असते. यजमान ते देईपर्यंत या घरात कुणी पिणार नाही. बाबांनी तुम्ही मागण्याआधीच दिले. आता मागा. लीव्ह हवी आहे का? मुलाचा व्हिसा?"

केतकरांच्या घशाला आधीच कोरड होती. तिच्यात भर पडली. सत्य सांगणे अगदी सोपे होते: मागणे वगैरे काही नाही, आज उपवास आहे. ते तोंड उघडणार, इतक्यात त्यांच्या दृष्टीपुढे एक स्प्रिंग आली, पंच्याऐंशी किलोची, बर्फाच्या एका उंचवट्यापलीकडे निमूटपणे तळाला टेकणारी. आणि तिच्यावरचा तो भव्य, विश्वासू देह. असे द्वार पुन्हा उघडणार नव्हते.

"बू जासिम," ते म्हणाले, "मला तुमचे खरे वजन हवे."

चुलतभावांनी गालिच्याच्या नक्षीत एकाएकी रस घेतला. बू जासिमांनी केतकरांकडे पाहिले ते, कुणी त्यांचा आवडता घोडा मागावा तसे. मग भावांना म्हणाले, "बाहेर माझी नवी खजुरीची रोपे पाहा." भाऊ गेले. "हुदा, तूसुद्धा."

"बाबा, मेल मी पाठवायची आहे."

"कान बंद करून पाठव."

"आकडा डोळ्यांनी टाइप करू का?"

बू जासिमांनी श्वास घेतला. दिलेला शब्द होता, आणि त्यांच्या घरात तो परत घेतला जात नसे. "एकशे आठ," ते म्हणाले.

हुदाच्या बोटांखाली कळा वाजल्या. केतकरांना वाटले, आपल्याच पाठीवरचे ओझे उतरले. कृतज्ञतेने त्यांनी हात जोडले.

"खलास," बू जासिम म्हणाले. "मागणे पुरे झाले. आता पी."

वाटी समोरच होती. केशराचा गंध दरवळत होता. यजमानाने एवढा मोठा त्याग केल्यावर ती न पिणे हा अपमान. आणि पिणे म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेले व्रत दोन घोटांत बुडवणे. केतकरांनी वाटी उचलली. ती अर्ध्या वाटेवर आली. तेथे ती थांबली.

"आणखी एक मागणे आहे का?" बू जासिमांनी विचारले. त्यांच्या आवाजात प्रथमच किंचित धास्ती होती. "उंची एकशे अडुसष्ट आहे."

"नाही," केतकर म्हणाले. त्यांनी वाटी पुन्हा खाली ठेवली. "बू जासिम, मी तुम्हाला फसवले. माझे मागणे नव्हतेच. आज माझा उपवास आहे. चंद्र उगवेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचे नाही. कॉफी नाकारणे बरे दिसत नाही म्हणून ठेवली. तुमचा रिवाज मला ठाऊक नव्हता. हुदाने सांगितला, तेव्हा खरे बोलायला हवे होते. पण तुमची कंबर आठवली, आणि मी मागून टाकले."

हुदाने लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला. बाहेरून चुलतभावांचा, खजुरीविषयीचा, अत्यंत अस्वस्थ संवाद ऐकू येत होता.

"म्हणजे मी बांधील नव्हतो," बू जासिम सावकाश म्हणाले.

"नव्हता."

"आणि मी सांगितले."

"सांगितले. तुम्ही म्हणाल तर ते मी विसरेन. पण स्प्रिंग विसरणार नाही."

बू जासिमांनी दाढीवरून हात फिरवला. "चंद्र उगवेपर्यंत, म्हणतोस. पाणीही नाही."

"नाही."

"आणि तू भर उन्हात सखीरहून आलास. माझ्या कमरेसाठी."

 उपवासाचा अर्थ बू जासिमांना कुणी शिकवायला नको होता. चंद्राची वाट पाहण्यात त्यांचेही आयुष्य गेले होते. त्यांनी हाक मारून कॉफीचे भांडे आत नेण्यास सांगितले, आणि चंद्र उगवेपर्यंत ते निखाऱ्यावर ठेवा, हेही सांगितले. मग त्यांनी लेकीकडे वळून विचारले, "मेल गेली?"

"पाठवते आहे."

"थांब. एकशे सोळा लिही."

हुदाने वर पाहिले. "बाबा, आत्ता तर एकशे आठ म्हणालात."

"मागणाऱ्यासाठी ते पुरेसे होते," बू जासिम म्हणाले. "उपाशी माणसाला फसवणे बरे नाही."

केतकरांनी मनातल्या मनात स्प्रिंग एका पायरीने कडक केली, आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "हे बर्फातले बूट आणि जाकीट धरून का?"

बू जासिमांनी छताकडे पाहिले.

"एकशे बावीस," ते म्हणाले. "हुदा, पाठव. आणि मोहंदिस, तुझे किती, तेही आता सांग."