लाल वायर कुठल्या भोकात

मी मीटर बोलतोय. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वायरमनचा जुना मीटर. सावकाश बोलतो, पण ऐका जरा. जिवाचा प्रश्न आहे.

माझ्या एकाच पोटात दोन स्वभाव आहेत. व्होल्टेज मोजायचं तर मला बाजूला उभं करतात, दोन वायर दोन टोकांना टेकवून. तेव्हा मी तोंड घट्ट मिटून असतो, करंट आत येऊच देत नाही म्हणा ना. ॲम्पियर मोजायचे तर मोटारीची वायर सोडवून मला मध्ये जोडतात. लाल वायरही माझ्या दुसऱ्या भोकात घालतात. मग सगळा करंट माझ्यातूनच जातो. अडवणं तेव्हा मला माहीतच नसतं.

म्हणून पोटात फ्यूज असतो. करंट भलताच वाढला की तो वितळतो. मीही वाचतो, मला धरणाराही. माझा फ्यूज एकदा उडाला. दुकानं बंद होती. मालकानं त्या जागी तांब्याची तार गुंडाळली. "उद्या बदलू," म्हणाला. पुढे तो विसरूनच गेला.

आज सकाळी त्यानं मोटारीचे ॲम्पियर घेतले आणि मला तसाच टाकून चहाला आत गेला. लाल वायर ॲम्पियरच्याच भोकात.

तेवढ्यात त्याचा मेहुणा आला. गप्पिष्ट, सगळ्यात हात घालणारा.

"दाजी, बोर्डावर सप्लाय येतोय का बघू?"

"बघ की! बहिणीचा चहा फुकट पितोस, तेवढं तरी कर."

त्यानं माझं बटण व्होल्टवर फिरवलं. माणसं माझ्या तोंडाकडे बघतात, वायर कुठे खोचलीय ते बघत नाहीत. बटण काहीही म्हणो, करंट जाणार तो वायर असलेल्या भोकातूनच. काळं टोक न्यूट्रलला टेकलं. मी गारठलो. लाल टोक फेजला लागलं की अख्खी लाईन माझ्यातून धावणार, ती तार काही वेळेवर वितळायची नाही, आणि आगीचा लोळ याच्या तोंडावर! ओरडावं तर मला आवाज नाही.

"थांब! हात मागे घे!"

चहा पिता पिता मालकाला आठवलं असावं. कप टाकून तो धावला आणि त्यानं मेन स्विच पाडला.

"काय दाजी, व्होल्टेज बघायलाही आता परवानगी?"

मालकानं लाल वायर उपसली आणि व्होल्टच्या भोकात घातली. बायको दारात आली होती. तिला एवढंच म्हणाला, "तुझा भाऊ वाचला गं."

आता मी खिळ्याला टांगलेला आहे. वायर जागेवर आहे, म्हणून सगळे निर्धास्त. पण माझं मागचं झाकण कुणी उघडलंच नाही. तार आतच आहे, आणि दुपारी दुसरी मोटार यायची आहे.

कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घ्या रे.