व्हर्लिनच्या पसंतीची पेटी

"ही वाकते," असं म्हणून माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, ती पेटी रॉलीच्या काउंटरवर परत आडवी ठेवली.

"वाकू दे की," मी म्हणाले. "तिच्यात रॉड ठेवायचेत. तुला काय तिच्यावर छप्पर घालायचंय?"

रॉली हसला. गावात मासेमारीच्या सामानाचं एकच दुकान, ते त्याचं, आणि हिवाळाभर असल्याच गिऱ्हाइकांशी गाठ, त्यामुळे हसण्यावाचून त्याला इलाज नव्हता. मला मात्र हसू येत नव्हतं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगची टर्की संपली त्या आठवड्यापासून हे प्रकरण चालू होतं. गाडी मी चालवायची, बर्फाने गुळगुळीत झालेल्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून दुकानात यायचं, ह्याने एक पेटी पसंत करायची, ती घरी न्यायची आणि दोन दिवसांत ती परत करायला पुन्हा तोच रस्ता.

पहिली आणली ती नुसती खोळ होती. आतून जाड अस्तर, बाहेर गळ नि भिंगऱ्या ठेवायला कप्पे. मला तर भारीच आवडली. घरी आल्यावर व्हर्लिनने ती फ्रीजला टेकवून उभी केली, ती हळूहळू खाली बसली आणि त्याबरोबर हाही खुर्चीत बसला. "नको," म्हणाला. दुसरी होती ती चपटी, टणक, आत स्पंजात प्रत्येक रॉडसाठी वेगळी खाच असलेली. रॉली सांगत होता की यंदा सगळे हीच नेतायत. तर ह्याचं म्हणणं, आखूड आहे. तिसरी गोल नळी. तिच्यात तर दोरीचं रीळ लावलेला रॉड शिरतच नव्हता, तरी हा तिच्याकडेच सगळ्यात जास्त वेळ बघत राहिला.

आता आखूड म्हणजे काय, मी म्हणते. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचे रॉड मुळातच आखूड. बर्फावर उभ्या केलेल्या लाकडी खोपटात बसायचं, पायाशी बर्फात पाडलेल्या भोकातून गळ खाली सोडायचा, त्याला लांब रॉड कशाला लागतो? व्हर्लिनचे सगळे रॉड माझ्या कमरेलाही लागत नाहीत. फक्त त्यांची टोकं गवताच्या काडीसारखी बारीक, ट्रकचं दार चुकून लागलं की गेलंच. आणि रीळ काढून वेगळं ठेवता येत नाही, कारण गारठलेल्या बोटांनी ते परत बसवणार कोण. तेव्हा पेटी हवी ती जराशी रुंद आणि आतून मऊ. संपलं. यात महिनाभर घोळ घालण्यासारखं काही नाही. शिवाय ह्या माणसाने आयुष्यभर आपले रॉड रंगाच्या रिकाम्या बादलीत खोचून नेले होते आणि मोडलेल्या टोकांबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

खरं भांडण पेटीचं नव्हतंच. मे महिन्यात व्हर्लिनला अर्धांगाचा छोटासा झटका येऊन गेला. बोलणं परत आलं, म्हणजे होतं तेवढं आलं, पण डावा पाय मागे राहायला लागला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने त्याला चार पायांची ॲल्युमिनियमची काठी दिली. ह्याने तिचे आभार मानले, ती गेल्यावर काठी कपाटात व्हॅक्यूम क्लीनरमागे ठेवली आणि दार लावून घेतलं. उन्हाळाभर तो भिंती धरून, खुर्च्या धरून, मला धरून हिंडला. ऑक्टोबरात अंगणात दोनदा पडला. तळं गोठायला लागलं तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"काठी घेणार असशील तर बर्फावर जायचं. नाहीतर ट्रकची किल्ली माझ्यापाशी राहील."

"बरं," तो म्हणाला.

आमच्याकडे, म्हणजे मिनेसोटाच्या ह्या उत्तर टोकाला, भांडण बरं म्हणून संपतं आणि बरं म्हणूनच पुढे चालू राहतं.

तुम्हाला वाटेल, एवढा कसला ताठा. पण व्हर्लिन वीज कंपनीचा लाइनमन होता. हिमवादळात अख्ख्या तालुक्याचे दिवे जायचे तेव्हा पायांना काटेरी पट्टे बांधून हा खांबावर चढायचा. लोक खिडकीच्या काचा पुसून बघायचे. अजूनही चर्चमध्ये कॉफीच्या वेळी कुणीतरी म्हणतं, व्हर्लिन, त्या ईस्टरला तू होतास म्हणून आमची पिल्लं जगली. म्हणजे दिव्याच्या उबेत ठेवलेली कोंबडीची पिल्लं, पण तो आभार मनापासून घेतो. आणि रॉली, दुकान काढण्याआधी बरीच वर्षं त्याचा मदतनीस होता. हा वर, तो खाली. हा हात खाली करायचा आणि तो दोराला अवजार बांधून वर पाठवायचा.

तर त्या दिवशी रॉली म्हणाला, "थांब, मागे एक आहे. पण तुझ्या कामाची नाही."

त्याने धुळीने भरलेली एक लांब चौकोनी पेटी आणली. काळी, कडक, कोपऱ्यांना पत्रा, वरच्या टोकाला धरायला मूठ. "ही उन्हाळ्यातल्या रॉडची. तुझे ह्यात निम्म्यापर्यंतही येणार नाहीत. आत नुसते खडखडतील."

व्हर्लिनने पेटी घेतली आणि जमिनीवर उभी केली. ती त्याच्या कमरेच्या हाडापर्यंत आली. उजवा तळवा त्याने वरच्या मुठीवर ठेवला आणि भिंतीवर टांगलेले रंगीत गळ बघायला लागला. बराच वेळ बघत होता. ते गळ तो जन्मापासून बघतोय, त्यात नवीन काही नव्हतं. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. सगळा भार त्याने त्या हातावर टाकला होता, आणि पेटी जागची हलली नाही.

"ही चालेल," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ह्या खुळ्याला रॉडशी काही देणंघेणंच नव्हतं. खोळ खाली बसली म्हणून नको, चपटी हाताला पोचेना म्हणून नको, मघाची वाकली म्हणून नको. महिनाभर मी त्याला काठी शोधायला घेऊन हिंडत होते. चार पायांची एक काठी घरात फुकट पडलेली असताना.

"नक्की?" रॉलीने विचारलं. "लांब आहे रे."

"मी स्पंज भरीन."

घरी येताना ट्रकमध्ये मी तोंड उघडायची संधी शोधत होते. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. तो मांडीत पेटी आडवी घेऊन बसला होता आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खिडकीतून बाहेर बघत होता. तारा बघत होता. कुठल्या खांबावर काय बिघडलंय ते तो अजूनही बघतो. मी नुसती गाडी चालवत राहिले. मग त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी जेवायला हाका मारून थकले म्हणून गॅरेजमध्ये गेले, तर हा कामाच्या टेबलाशी. रॉड पेटीतून काढून बाजूला मांडून ठेवलेले, आणि पेटी उलटी करून तिच्या बुडात स्क्रू पिळत होता. डोकी मुद्दाम बाहेर ठेवलेली. बर्फावर घसरू नये म्हणून लोक बुटांच्या तळव्यांना मारतात तसले स्क्रू.

"हे काय?"

"बर्फ चिकटू नये म्हणून."

"व्हर्लिन, पन्नास वर्षं तुझ्याबरोबर काढली मी. मला मूर्ख समजतोस?"

"नाही." त्याने वर न बघता आणखी एक स्क्रू पिळला.

"त्या काठीला काय झालंय? चर्चमध्ये बर्नाइस काठी घेऊन येते. तिला कुणी हसतं का?"

"बर्नाइस खांबावर चढत नव्हती."

भात आणि चिकनची हॉटडिश आत थंड होत होती. मी जायला वळले तेव्हा तो म्हणाला, "आर्डिस. रॉलीला सांगू नकोस."

झटका आल्यापासून ह्या माणसाने माझ्याकडे एक गोष्ट मागितली नव्हती. पाणीसुद्धा नाही, तहान लागली तर भिंत धरत स्वतः उठायचा. मी म्हणाले, "जेवायला ये, आधीच गार झालंय," आणि रात्री ट्रकची किल्ली त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. एरवी बर्फ एवढा जाड असतो की ट्रक थेट खोपटाच्या दारात नेता येतो, पण आदल्या रात्री बर्फ तडकून मध्ये कड वर आली होती. सगळ्यांनी गाड्या अलीकडे लावल्या होत्या. आमचं खोपटं पलीकडे, फर्लांगभर लांब. मला वाटलं, आता हा म्हणेल, चल परत. त्याने ट्रकचं दार उघडलं, पेटी बर्फावर उभी केली, मुठीवर हात ठेवला आणि उतरला.

कडेपाशी एक फळी टाकली होती, ती त्याने कशी ओलांडली ते मी पाहिलं नाही, डोळे मिटून घेतले होते. मग तो चालायला लागला. पेटी, पाय, मागून दुसरा पाय. स्क्रूची डोकी बर्फात कचकच रुतत होती. मी कॉफीचा थर्मास आणि सँडविचं घेऊन एक पाऊल मागे. नवऱ्याच्या मागून चालायची मला सवय नाही, पण पुढे गेले असते तर सारखं वळून बघावं लागलं असतं.

अर्ध्या वाटेवर रॉली आपल्या बर्फगाडीवर आला, मागे घसरपाटी जोडलेली. आजूबाजूच्या खोपटांबाहेर पुरुष मंडळी उभी होती, बिअरचे डबे हातात.

"काय रे, एवढं ओझं हातात घेऊन काय चाललास?" रॉली गाडीवरून उतरलाच. "आण ती पेटी, पाटीवर टाकतो. दारात नेऊन ठेवतो."

आणि त्याने मुठीला हात घातला.

व्हर्लिन थांबला. त्याने मूठ सोडली नाही. मी त्याच्या मानेकडे पाहिलं. ती लाल झाली होती.

मी शाळेच्या खानावळीत आयुष्य काढलंय. दोनशे पोरांवर ओरडायचा माझा आवाज आहे, आणि तोच मी काढला. "हात काढ, रॉली. खबरदार त्या पेटीला हात लावशील तर. महिनाभर माझं डोकं खाऊन घेतलीय ती. रात्री उशाशी घेऊन झोपायचंच तेवढं बाकी ठेवलंय ह्याने. मला हात लावू देत नाही, तर तुला कुठला देतोय? बायको पडली झडली तरी चालेल, पेटीला ओरखडा नको."

मंडळी खो खो हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा पार बिघडला, आर्डिस."

"बिघडलेलाच होता," मी म्हणाले. "आता पेटीचं निमित्त झालं."

रॉलीने हात वर केले. "तुझी पेटी तुलाच लखलाभ, बाबा."

"टोकं मोडतात," व्हर्लिन गंभीरपणे म्हणाला, आणि पुढे निघाला. ते अजून हसत होते. असल्या हसण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पेटी, पाय, मग दुसरा पाय.

खोपटात शिरल्यावर मी शेगडी पेटवली. रॉलीने सकाळीच गिरमिटाने भोकं पाडून ठेवली होती, त्यांवर धरलेली बर्फाची पातळ साय मी झाऱ्याने काढली. व्हर्लिन उलट्या बादलीवर बसला, पेटी मांडीवर घेतली, दोन्ही कड्या काढल्या आणि झाकण उघडलं.

आत नीट कापून बसवलेला स्पंज होता. रॉड एकही नव्हता. स्क्रू मारायला बाहेर काढले ते गॅरेजमध्ये टेबलावरच राहिले होते.

एका महिन्याचं सगळं माझ्या जिभेवर आलं. ते घसरडे रस्ते, ती खोळ, ती चपटी, ती नळी. तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघितलं. एवढ्या थंडीत त्याच्या टोपीखालून घाम गळत होता. डावा पाय त्याने समोर लांब केला होता आणि तो आपला आपण थरथरत होता. पण तो इथवर आपल्या पायांनी आला होता, सगळ्यांच्या देखत, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी तोंड मिटून घेतलं.

"टेबलावर राहिले," तो म्हणाला.

"हो."

मी कॉफी ओतली. आम्ही भोकातल्या हिरव्या पाण्याकडे बघत बसलो. खाली एखादा मासा असलाच तर त्याला त्या दिवशी कसलीच भीती नव्हती. शेगडी तापली, त्याच्या पायाची थरथर हळूहळू थांबली.

दुपारी बाहेर बर्फगाडी थांबली आणि दारावर थाप पडली. मी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले.

"गळाला काही लागलं का?" रॉलीने बाहेरूनच विचारलं.

"दोन," मी म्हणाले. "बारके होते. सोडून दिले."

व्हर्लिनने कपातली कॉफी संपवली.

"तीन," तो मोठ्याने म्हणाला. "एक बरा होता."