किल्ल्याचा हेवा करणारा दीपस्तंभ

मित्रांनो, मी एक जुना दीपस्तंभ आहे, आणि मला एका किल्ल्याचा फार हेवा वाटतो. मी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, तो दूर स्कॉटलंडच्या. आमची कधी गाठ पडली नाही.

एके काळी माझा उजेड पाहून मासेमार घरी परतत आणि बोटीवरून मला हात करत. पुढे जहाजांवर नवी यंत्रं आली, माझा दिवा विझला, दाराला कुलूप लागलं. समुद्र मात्र दर वर्षी माझ्या पायाखालची वाळू नेत राहिला. शेवटी गावाने मला पाडायचं मनावर घेतलं.

तेवढ्यात अदिती आली. ही पुण्याहून शिकायला आलेली मुलगी किनाऱ्यावरच्या जुन्या वास्तूंचा अभ्यास करते. सोबत कॅरी शहरातून आलेल्या तिच्या सुलभाकाकू आणि काकूंची मुलगी इला होत्या. आधी ती स्कॉटलंडच्या त्या किल्ल्याच्या डागडुजीला जाऊन आली होती, त्यामुळे मापं माझी घेत होती, पण गुण त्याचे गात होती.

"काकू, काय बुरूज आहे! आणि गावातले लोक सुट्टीच्या दिवशी स्वतः दगड रचायला येतात."

मी जळून खाक झालो. माझ्याकडे फक्त सीगल पक्षी यायचे.

इतक्यात तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती वाळूत बसली.

"काकू, तो बुरूज गेला. वादळात समुद्रात कोसळला." आणि ती हुंदके देऊ लागली.

मला वाईट वाटलं म्हणता? छे! पडल्यावरही त्याच्यासाठी सातासमुद्रापलीकडे कुणी रडतं, याचा हेवा वाटला.

इतका वेळ कंटाळलेल्या इलाने माझ्या विटांवर हात ठेवला. "हा पण फॉल होणार?"

"काहीच केलं नाही तर, हो," अदिती म्हणाली.

"देन व्हाय आर यू क्रायिंग फॉर दॅट वन?"

"इला!" काकूंनी दटावलं. अदितीने मात्र डोळे पुसले.

गावाच्या सभेत अदितीने माझी मापं मांडली आणि गवत लावून माझ्या पायाखालची वाळू धरून ठेवता येईल, असं सांगितलं. इलाने उठून एवढंच विचारलं, "तो अजून उभा आहे, मग तुम्ही पाडता कशाला?" लोकांनी हात वर करून मतं दिली. मग मला पाडण्याचा बेत रद्द झाला.

आता लोक येतात आणि वाळू धरून ठेवणारं गवत लावतात. अदिती मधूनच म्हणते, "स्कॉटलंडला आम्ही असंच करायचो," आणि मला अजून झोंबतं. तरी सांगतो, मित्रांनो, तुमच्या जवळच्या जुन्या वास्तूसाठी रडायला येऊ नका. ती उभी आहे तोवर या.