सोलोच्या आधीचा सूर

“माझ्या टेपवर एक वेळ माशीनं पंख झटकलेले ऐकू येतील, पण माझा श्वाससुद्धा सापडायचा नाही,” असं म्हणून टेपकाकांनी चष्म्याच्या डबीतून आपला बोटभर रेकॉर्डर असा बाहेर काढला, जसा काही ठेवणीतला दागिनाच.

टेपकाकांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून “आता दिसतंय? आणि आता?” असं विचारायचं आणि सुट्टीच्या दिवशी बँडच्या मागं गावोगाव हिंडायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. बँड चौघांचा. गिटार, कीबोर्ड, बेस आणि ड्रम. वाजवायचे इलेक्ट्रिक जॅझ फ्यूजन. काकू या संगीताबद्दल एवढंच म्हणायच्या, “चौघं चार दिशांनी घराबाहेर पडतात आणि शेवटी दमून एकाच बाकावर येऊन बसतात.”

कार्यक्रमात रेकॉर्डिंगला सक्त मनाई होती. ही मनाई गिटारवाल्याची. बँड त्याचा, हट्ट त्याचा आणि प्रत्येक पोस्टरवरचं वाक्यही त्याचंच: ‘आज जे ऐकाल ते पुन्हा कधीच वाजणार नाही.’ मधल्या सोलोला, म्हणजे त्यानं एकट्यानं वाजवायच्या जागी, तो डोळे मिटायचा, मान मागं टाकायचा आणि त्या क्षणी जे सुचेल ते वाजवायचा. काका मात्र शर्टाच्या खिशात चष्म्याची डबी ठेवून पहिल्या रांगेत बसायचे. दारावरच्या माणसाला त्या डबीत चष्म्याखेरीज काही असेल असं कधी वाटलंच नाही.

म्हणजे काका तसे चोरच. पण आता त्याच चोराला बँडनं मानानं बोलावून घेतलं होतं, कारण बँडची स्वतःची रेकॉर्डिंगं बुडाली होती. बुडाली म्हणजे अक्षरशः. ती सांभाळायचं काम मॅनेजरकडं होतं. मॅनेजर हा ड्रमवाल्याचा मेहुणा. त्याच्या घरचं वॉशिंग मशीन डुगडुगत होतं, म्हणून त्यानं टेपांची सगळी खोकी त्याच्याखाली सारली. मशीन डुगडुगायचं थांबलं आणि गळायला लागलं. इकडं कंपनीनं बँडच्या लाइव्ह रेकॉर्डिंगांचा अल्बम जाहीरही करून टाकला होता.

“मला काही नको,” काका म्हणाले. “फक्त कव्हरच्या मागं माझं नाव. आणि जमलंच तर शेजारी एक लहानसा फोटो.”

ही फोटोची इच्छा साडूमुळं होती. साडू दर लग्नात चार लोकांत विचारायचा, “काय मग, अजून खिशात डबी घेऊन गाणी चोरता का?” त्या साडूच्या हातात एकदा ते कव्हर द्यायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हे काकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सरावाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या वायरी पसरलेल्या. कीबोर्डवाल्या ताईंनी काकांना बरी खुर्ची दिली आणि रेकॉर्डर मोठ्या स्पीकरला जोडला. गिटारवाला पाय लांब करून बसला. साक्षात बँडसमोर बसायचं म्हणून काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

टेप सुरू झाली. आवाज काचेसारखा स्वच्छ. काका आनंदानं फुलून गेले. मग सोलो जवळ आला आणि स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, “ऊंऊंऊं, डीडी ऊं, ऊंऊंऊं.”

काकांनी दाराकडं पाहिलं. “बाहेर कुणी गातंय का हो?”

“काका,” ड्रमवाला म्हणाला, “बाहेर नाही. टेपच्या आत.”

“छे! माझ्या टेपवर असं काही नाही. मी शंभरदा ऐकलीय.”

“डीडी ऊं,” टेप म्हणाली. आवाज शंभर टक्के काकांचा होता, सर्दीसकट.

काकांच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. त्यांनी घरी फोन लावला. गडबडीत फोनचाही स्पीकर चालू झाला आणि पुढचं सगळं खोलीनं ऐकलं.

“अगं, मी गुणगुणतो का?”

“थांबता कधी?” काकू म्हणाल्या.

“तसं नाही. कार्यक्रमात. टेपवर.”

“अहो, टेप लावली की दोघं गुणगुणता. टेपमधले तुम्ही आणि खुर्चीतले तुम्ही. एकदम.”

म्हणजे टेप ऐकताना ते स्वतःच गात होते, त्याच जागी, तसंच, आणि म्हणून टेपमधला आपला आवाज आजवर त्यांना कधी ऐकूच आला नव्हता. आज बँडपुढं पहिल्यांदा तोंड मिटलं आणि पितळ उघडं पडलं.

“मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?”

“मला वाटलं गाणंच तसं आहे,” काकू म्हणाल्या. “कुकर लागलाय, ठेवते.”

ड्रमवाला हसून हसून ड्रमवर आडवा झाला. अल्बम गेला, नाव गेलं, फोटो गेला. साडूचं तोंड काकांच्या डोळ्यांसमोर पौर्णिमेच्या चंद्रासारखं उगवलं. ते रेकॉर्डर उचलायला वाकले, इतक्यात ताई म्हणाल्या, “थांबा. ते पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. ताई डोळे बारीक करून ऐकत होत्या.

“हे आधी गुणगुणतायत,” त्या म्हणाल्या.

“कशाच्या आधी?” गिटारवाल्यानं विचारलं.

“तुझ्या. तू वाजवायच्या आधी.”

“माझ्या मागोमाग म्हणायचंय का तुला?”

“मागोमाग नाही रे. पुढं. यांचं ‘डीडी ऊं’ होतं आणि मग तुझी गिटार ‘डीडी ऊं’ करते.”

ताईंनी दुसरी टेप लावली. दुसरं गाव, दुसरं वर्ष. सोलो आला. आधी काका, पाठोपाठ गिटार. तिसरी टेप. आधी काका, पाठोपाठ गिटार. जणू काका उस्ताद आणि गिटारवाला त्यांच्याकडं शिकायला येतो.

“योगायोग,” गिटारवाला म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि मग ती चूक आली.

ही चूक सगळ्यांना माहीत होती. सोलोच्या ऐन भरात गिटारवाल्याचं बोट घसरायचं, एक सूर भलतीकडंच जायचा आणि तो लोकांकडं बघून ओशाळं हसायचा. लोकांना ते फार आवडायचं. एवढा मोठा कलाकार, पण बघा, माणूसच आहे. टेपवर काकांनी सोलो गुणगुणला, बरोबर जागेवर सूर घसरवला, ते “हेहे” असं हसले आणि त्यानंतर गिटारवाल्याचं बोट घसरलं.

ड्रमवाल्याच्या हातातली काठी खाली पडली.

“सूर आधी कळला ते एक वेळ समजू,” ताई म्हणाल्या. “पण चूक कशी रे कळली त्यांना आधी?”

कोपऱ्यातून बेसवाला बोलला. हा माणूस कधी बोलत नसे, त्यामुळं सगळे दचकले. “त्या चुकीनंतर मला जरा सवड असते,” तो म्हणाला. “तेव्हा मी पाणी पितो.”

“किती वर्षं?”

“पहिल्यापासून.”

गिटारवाला उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. डोळे मिटले की आपल्याला काहीतरी नवं सुचतं, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती. रोज एकाच हॉटेलात जाऊन “आज काहीतरी वेगळं मागवू” म्हणत रोज तेच मागवणाऱ्या माणसासारखी त्याची गत झाली होती.

“फेका त्या टेपा!” तो ओरडला. “रविवारी कार्यक्रम आहे. त्यात मी असं वाजवीन, असं वाजवीन, की मलासुद्धा माहीत नसेल पुढं काय येणार. तोच अल्बम! आणि रेकॉर्ड हेच करतील.” त्यानं काकांकडं बोट दाखवलं. “पहिल्या रांगेत बसून. बघू काय आधी गुणगुणतात! पण तोंडातून आवाज निघाला तर कव्हरवर नाव विसरा.”

काकांच्या जिवात जीव आला. नुसतं तोंड बंद ठेवायचं. त्यात काय अवघड?

अवघडच होतं. काका दुकानात तोंडात पाण्याचा घोट धरून सराव करायला लागले. एका गिऱ्हाइकानं “हा नंबर बरोबर आहे ना?” असं विचारलं आणि उत्तर त्याच्या नव्या चष्म्यावर उडालं. गालाला आतून चावून पाहिलं, तर गाल सुजला आणि गुणगुणणं नाकातून सुरू झालं. शेवटी काकूंनी औषधाच्या दुकानातून रुंद चिकटपट्टी आणली आणि रविवारी हॉलच्या पायरीवर त्यांच्या तोंडावर या कानापासून त्या कानापर्यंत ती ठोकून बसवली.

“काय झालं हो यांना?” शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

“दाढ काढली,” काकू म्हणाल्या. “सगळ्याच.”

कार्यक्रम रंगला. डबी काकांच्या मांडीवर उघडी होती, आज चोरी नव्हती. मग दिवे मंद झाले. गिटारवाल्यानं डोळे मिटले, मान मागं टाकली आणि एक असा सूर काढला, की काकांच्या अंगावर काटा आला. हा सूर त्यांना ठाऊक नव्हता. दुसराही नव्हता. तिसरा तर देखणा होता.

चौथा आलाच नाही.

गिटारवाला तिसऱ्याच सुरावर परत आला. पुन्हा तोच. पुन्हा तोच. दारात उभं राहून सगळे खिसे चाचपत किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा तो त्या एका तारेवर घुटमळायला लागला. ड्रमवाला बिचारा ताल रेटत होता. ताईंनी दोनदा वाट करून दिली, पण गिटारवाला काही निघेना. त्यानं एक डोळा उघडला. त्या डोळ्यात नुसती भीती होती.

काकांच्या पट्टीआड “म्म्म” असा उमाळा आला. काकूंनी कोपर मारलं. काकांनी तो गिळला. हातातोंडाशी आलेलं नाव आता घालवायचं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “ऊंऊंऊं.”

काका गर्रकन वळले. एक जाडे गृहस्थ डोळे मिटून डोलत होते. मग बाल्कनीतून आलं, “डीडी ऊं.” मग डावीकडून, मग उजवीकडून, मग दाढेची चौकशी केलेल्या बाईंकडून. बघता बघता अख्खा हॉल गुणगुणायला लागला. सोलो सगळ्यांना पाठ होता! पहिल्या सुरापासून, सगळ्या वळणांसकट. ऐन भरात हॉलभर सूर घसरला आणि सगळे लोक एकमेकांकडं बघून ओशाळं हसले. “हेहे.”

बेसवाला पाणी प्यायला.

गिटारवाला तोंड उघडं टाकून उभा होता. काका त्याच्याहून हादरले होते. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की या बँडचं काळीज फक्त आपल्याला कळतं. आणि इथं बाल्कनीतल्या माणसालासुद्धा कळत होतं, वर तो सुरातही होता.

हॉलनं सोलो संपवला आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर सगळे स्टेजमागं जमले. गिटारवाला स्पीकरवर बसून राहिला होता. “सगळ्यांना पाठ आहे,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “अरे, मग निदान एकानं तरी जांभई द्यायची होती!”

“कुणी दिली नाही ना?” ताई म्हणाल्या. “मग रड कशाची? काका, आलं का सगळं?”

काकांनी मान हलवली. टेप ऐकली. सगळं आलं होतं, लख्ख. हॉलमधले सगळे त्या टेपवर होते, फक्त काका नव्हते.

“हेच छापायचं,” ताई म्हणाल्या. गिटारवाल्यानं हात हलवला, म्हणजे छापा. “आणि मागं काकांचं नाव,” ताई पुढं म्हणाल्या. “कंपनीचा फोटोग्राफर बाहेर थांबलाय, त्याला आत बोलवा. फोटोही आत्ताच उरकून टाकू.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी काकूंना खूण केली. काकूंनी पट्टीचं टोक धरलं आणि एका झटक्यात ओढलं. पायरीवरच्या घाईत पट्टी मिशीवरून लावली गेली होती. उजव्या बाजूची मिशी पट्टीबरोबर आली, डावीकडची राहिली. फोटोग्राफरला पुढं एका साखरपुड्याला जायचं होतं, त्यामुळं त्यानं लगेच फोटो काढला आणि तो निघून गेला.