शाळेच्या मशिनांचा पासवर्ड

बंद पडलेल्या शाळेचे सगळे कॉम्प्युटर मी दुकानात आणले तेव्हा भाऊ म्हणाला, "भंगाराला सोनं समजतेस." मशिनं चांगली होती. फक्त प्रत्येकात शाळेने बसवलेलं जुनं सुरक्षा सॉफ्टवेअर होतं आणि ते पासवर्डशिवाय जागचं हलत नव्हतं. फॉरमॅट करायचं म्हटलं तरी आधी तोच पासवर्ड मागायचं. शाळा बंद झाल्याचं त्या मेल्याला कुणी कळवलंच नव्हतं.

तो पासवर्ड ठाऊक असलेला जगात एकच माणूस, आणि तो माझ्याच दुकानात बाकावर बसून चहाची वाट बघत होता. अण्णा, माझे वडील, त्या शाळेत कॉम्प्युटरचे सर होते. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, मी कोण तेही कधीकधी आठवत नाही, पण शाळेतलं सगळं आठवतं. म्हणून तर मी ही उडी मारली. मशिनं विकली गेली असती तर दुकान टिकलं असतं आणि अण्णा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहिले असते. नाहीतर मला नोकरी धरावी लागणार आणि अण्णा वृद्धाश्रमात जाणार. भावाने तिथे बोलणीही करून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत थांबतो, म्हणाला होता. नको त्या कामात तो भलताच तत्पर.

मी एक मशीन अण्णांपुढे सुरू केलं. पासवर्डची चौकट दिसताच ते ताठ बसले.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

ही त्यांची शाळेतली पद्धत. सर पासवर्ड टाकणार म्हटलं की अख्खा वर्ग भिंतीकडे वळायचा. मीही त्याच वर्गात शिकले. सरांचीच मुलगी चोरून बघते असं कुणी म्हणू नये म्हणून सगळ्यांच्या आधी वळायचे. आताही वळले. अक्कल गहाण ठेवून भिंतीवरच्या वायरी बघत उभी राहिले. मागे बोटं वाजली आणि मशीन उघडल्याचा आवाज आला.

मी आनंदाने ओरडलेच. "अण्णा! काय टाकलंत?"

त्यांनी झटकन बटण दाबून मशीन बंद केलं.

"पासवर्ड विचारतेस? सरांना?"

"अण्णा, मी आहे हो. शाळा बंद झाली. आता कुणापासून लपवायचं?"

"असं सगळेच सांगतात."

मी चहा दिला, बिस्किटं दिली, हातापाया पडले. मुख्याध्यापकांनी मागितलाय, असं धडधडीत खोटंही बोलले. "मग मुख्याध्यापकांना पाठव," म्हणाले. दुसरं मशीन लावलं तर कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात पसरून बसले. त्यांच्या ज्या सचोटीचा मला जन्मभर अभिमान वाटला, तिचाच मला तेव्हा संताप आला. मग रडूच कोसळलं.

"रडून काही होत नाही, बाळ," ते म्हणाले. कडक सर, पण मूल रडलं की विरघळायचे. "उद्या वडिलांना घेऊन ये. मी बोलतो त्यांच्याशी."

बाहेर भावाची गाडी थांबली.

"ते येतील असं वाटत नाही, सर," मी म्हटलं.