पेवाचं तोंड

झरीच्या उमाजीकाकांचं नाक असं, की पिंगळीच्या टेसनावर उभं राहून कोणाच्या पेवातली ज्वारी कुबट झाली ते सांगायचे. निदान स्वतः तरी तसं सांगायचे.

१९५९च्या उन्हाळ्यात काकांनी आपलं पेव, म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार, उघडलं, तेव्हा पुतण्या व्यंकटराव मुंबईहून आलेला. अणुखात्यातला इंजिनेर. पिशवीत एका कारखान्याचा नकाशा. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तेजाबात विरघळवायचं आणि त्यातलं कामाचं तेवढं वेगळं काढायचं. पाचफुटी भिंतीच्या आत पंप नि नळ, माणसं बाहेर. एकदा सुरू झाला की आत डोळ्याला न दिसणारा, नाकाला न कळणारा मृत्यू. कारखाना चालेल का, बिघडला तर दुरुस्त होईल का, हे व्यंकटरावनं लिहून द्यायचं. त्याची सही झाली की भिंती उठणार.

त्याचं मन अडलं होतं नकाशातल्या एका लोखंडी दारापाशी. पंप अडला तर माणसानं अर्ध्या मिनिटात आत जाऊन यावं, म्हणून ठेवलेलं. नियम कडक होता: किरणं मोजणारं यंत्र हो म्हणेपर्यंत कुणी जायचं नाही.

पेवाचाही नियम तोच. झाकण निघालं, काकांनी पेटता कंदील दोरीनं खाली सोडला. पुरुषभर गेला नाही तोच विझला.

"हवा मेलेली हाय. सांजपातुर कुणी उतरायचं न्हाई."

काकांचा थोरला बन्सीधर, दोन लेकरांचा बाप, कंदील वर ओढायला लागला. गाठ सुटली, कंदील खाली. आणि बघता बघता बन्सीधरचा एक पाय पेवात!

काकांनी धोतराला धरून असा हिसका दिला की गडी एकीकडं पडला नि धोतर दुसरीकडं. हसलं मात्र कुणी नाही. याच पेवात काकांचा धाकटा भाऊ पडलेल्या पागोट्यामागं उतरला होता, तो जिता वर आला नाही.

"मुडद्या, आत्ताच सांगितलं नव्हं?" काका ओरडले.

व्यंकटरावनं हळूच विचारलं, "बन्सीदादा, कंदील विझलेला बघितला होतास ना?"

"बघितला की."

"मग?"

"तिथंच ज्वारीवर दिसायलाय. तोंड उघडं हाय. मनलं, घ्यावा काढून."

व्यंकटरावनं ओसरीत नकाशा पसरला. दार खोडलं. प्रत्येक पंपाशेजारी दुसरा काढला. पहिला मेला तर तो तिथंच राहू द्यायचा, भिंतीबाहेरून चाक फिरवून दुसरा लावायचा. काम वर्षभर लांबणार, साहेब तोंड बघणार नाहीत, हे ठाऊक होतं. तरी लिहिलं: आहे असा कारखाना चालवण्याजोगा नाही.

राहिला कारणाचा रकाना. त्यात एकच ओळ लिहिली: आत जाता येतं, म्हणून.